मोझॅकची जुनी फरशी काढताना: ब्रेकर लावण्याआधीपासून कोबा सुकेपर्यंत

सत्तर-ऐंशीच्या दशकांत बांधलेल्या सोसायट्यांमध्ये, मग त्या पुण्यातल्या असोत की ठाणे-नाशिकच्या, हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत मोझॅकच्याच लाद्या असतात. लादी इंचभर जाड आणि तिच्याखाली दीड-दोन इंच सिमेंट-वाळूचा माल. घराचं काम काढायचं ठरलं की सगळे आधी टाइल्सच्या दुकानात जातात. माझा आग्रह आहे की दुकानात जाणं पंधरा दिवस पुढे ढकला. नवी फरशी दोन पावसाळ्यांत वाजायला लागते, सांध्यावर फुगून उभी राहते किंवा एका कोपऱ्यात पाणी धरते, तेव्हा टाइलचा दोष क्वचितच असतो. दोष खालच्या थरात, म्हणजे कोब्यात असतो, आणि तो थर एकदा झाकला गेला की परत बघायला मिळत नाही.

आधी ठरवा: काढायचीच आहे का?

हातोडीच्या लाकडी दांड्याने किंवा जाड नाण्याने प्रत्येक लादी चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी वाजवून बघा. घट्ट बसलेल्या लादीचा आवाज आखूड आणि ठाम येतो. खालचा माल सुटला असेल तर आवाज भद्द येतो आणि हाताला किंचित कंप जाणवतो. भद्द वाजणाऱ्या लादीवर खडूने फुली मारत जा. तासाभरात अख्ख्या खोलीचा नकाशा समोर येतो.

फुल्या अगदी थोड्या आणि लेव्हल बरी असेल, तर मोझॅक ठेवा, सुटलेल्या लाद्या पुन्हा बसवा आणि मशीनने पॉलिश करून घ्या. हे मी मनापासून सांगते. चांगल्या मोझॅकचा वरचा थर संगमरवराच्या चिपांचा असतो, तो पुन्हा घासता येतो. धूळ, राडारोडा आणि आठवडाभराचा आवाज सगळं टळतं.

दुसरी वाट म्हणजे जुन्या फरशीवरच नवी चिकटवणं. फुल्या कमी असतील तर हेही जमतं, पण उंचीचा हिशेब करा. १० मिमी टाइल आणि ५ मिमी ॲडेसिव्ह म्हणजे फरशी १५ मिमीने वर येणार. दारं खालून तासावी लागतील, ओट्याची उंची तेवढी कमी होईल, संडास-बाथरूमचा उंबरा बुटका पडेल. गॅलरीत तर हे करूच नये. हॉल आणि गॅलरी यांच्यातला तो अर्धा-पाऊण इंचाचा उतरता टप्पाच जुलैच्या तिरक्या पावसात पाणी बाहेर अडवतो. शिवाय पॉलिश आणि वर्षानुवर्षांचं मेण चढलेल्या मोझॅकवर ॲडेसिव्ह थेट धरत नाही. आधी ग्राइंडरने पृष्ठभाग खरखरीत करावा लागतो आणि ॲडेसिव्ह टाइलवर टाइलसाठी शिफारस केलेलंच घ्यावं लागतं. पिशवीवर आयएस १५४७७ हे मानक आणि त्यापुढे टाइप क्रमांक छापलेला असतो. टाइप १ या कामाला पुरत नाही.

फुल्या एक चतुर्थांशाच्या पुढे गेल्या, खोली मध्ये खचलेली असली किंवा खालून पाइप बदलायचे असले, तर मात्र फरशी काढा. पुढचं सगळं त्यासाठी.

वजनाचा हिशेब

हा भाग बहुतेक जण गाळतात, म्हणून जरा थांबून सांगते. सिमेंटचा माल आणि लादी मिळून घनमीटरला साधारण २,१०० किलो भरतात. तीन इंच जाडीची १०० चौरस फूट फरशी काढली की सुमारे १,५०० किलो राडारोडा निघतो. ३० किलोच्या गोण्या भरल्या तर जवळपास पन्नास. मोकळा झाल्यावर तो फुगतो, त्यामुळे २५ घनफुटांचा ढीग ३५-४० घनफुटांपर्यंत जातो. दोन खोल्यांचं काम म्हणजे शंभरावर गोण्या जिन्याने खाली जाणार, कारण बहुतेक सोसायट्या लिफ्टमधून राडारोडा नेऊ देत नाहीत. कोण नेणार, कुठे नेणार आणि गाडीचे पैसे कुणाचे, हे तोडफोडीच्या दरातच लिहून घ्या.

आणि तो ढीग खोलीत कुठे ठेवता याला फार महत्त्व आहे. आयएस ८७५ या मानकानुसार राहत्या घराच्या स्लॅबवर माणसं, सामानसुमान वगैरेंसाठी चौरस मीटरला २०० किलो भार धरलेला असतो. राडारोड्याच्या गोण्या तीन फूट उंच रचल्या की त्याच चौरस मीटरवर हजार किलोच्या वर जातात. खोलीच्या मध्यभागी अशी रास कधीही करू नका. गोण्या भिंतींच्या कडेने, बीमच्या जवळ, एकावर एक न रचता पसरून ठेवा आणि रोजच्या रोज खाली उतरवा. तीस-चाळीस वर्षांच्या स्लॅबला ही दया दाखवायलाच हवी.

परवानगी, शेजारी आणि झाकाझाकी

सोसायटीला लेखी अर्ज द्या. त्यात कामाचे दिवस, वेळा आणि 'स्लॅब, बीम, कॉलमला हात लावणार नाही' हे वाक्य असू द्या. मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतींना महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब नुसार स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. तो अहवाल सोसायटीच्या दप्तरी असतो. तो मागून वाचा. तुमच्या मजल्याच्या स्लॅबबद्दल त्यात काही लिहिलेलं असेल तर आधी इंजिनिअरशी बोला.

मग खालच्या मजल्यावर जा. त्यांच्या परवानगीने त्यांच्या छताचे फोटो त्यांच्यासमोरच काढा, दोघांच्या फोनमध्ये ठेवा. जुन्या छताचं प्लास्टर आधीच सुटलेलं असेल तर ब्रेकरच्या, म्हणजे फरशी फोडणाऱ्या यंत्राच्या, धक्क्यांनी खाली पडतं. काम चालू असताना त्या खोलीत पाळणा किंवा आजारी माणसाचा पलंग छताखाली नको आणि काचेची झुंबरं उतरवून ठेवायला सांगा. वाद टाळण्यापेक्षा कुणाला इजा होऊ नये, हे यात जास्त मोलाचं.

आपल्या घरात पहिलं काम नाहणीच्या जाळ्यांचं. प्रत्येक जाळी काढून भोकात गोणपाटाचा बोळा घट्ट बसवा आणि वरून पातळ प्लास्टर मारून टाका. सिमेंटची पूड आणि पाणी ट्रॅपमध्ये गेलं की ते तिथेच दगड होतं आणि मग बाथरूम फोडावं लागतं. एसीचं इनडोअर युनिट, फ्रीज, दारांच्या चौकटी प्लास्टिकने बांधा.

वीज मेनवरून बंद करा आणि ब्रेकरसाठी वेगळी लाइन ईएलसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) असलेल्या बोर्डातून घ्या. भिंतीवर फरशीलगतचे प्लग कुठे आहेत ते बघा. विजेची नळी भिंतीतून वर गेलेली नसेल तर ती फरशीखालून आलेली असते. दोन प्लगमधली सरळ रेघ खडूने फरशीवर मारा आणि त्या पट्टीत फक्त हातछन्नी वापरा. स्वयंपाकघरात गॅस आणि पाण्याच्या पाइपांचंही तसंच.

धुळीबद्दल. माल, मोझॅक, ग्रॅनाइट या सगळ्यांत सिलिका असतो. त्याची बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस झाला की तो बरा होत नाही. फरशी तोडणारा बिगारी हे काम वर्षभर करतो, म्हणून त्याच्यासाठी एन-९५ मास्क, चष्मा आणि कानातले बोळे मालकाने आणून द्यावेत आणि घालायला लावावेत. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. तोडताना पंपाने पाण्याचा बारीक फवारा मारत राहा. ग्राइंडर चालवायचा तर सोबत पाणी किंवा व्हॅक्यूम हवाच.

एक इशारा वेगळा: मोझॅकऐवजी जुनी व्हिनाइलची फरशी आणि खाली काळा डांबरी गोंद निघाला तर तो घासू नका, ग्राइंडर तर लावूच नका. जुन्या व्हिनाइल टाइलमध्ये आणि त्या गोंदात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओलं करून, अखंड तुकड्यांत काढा किंवा जागच्या जागी झाकून वरून नवी फरशी घाला.

तोडायला सुरुवात

आधी स्कर्टिंग. जुन्या कामात ते प्लास्टरमध्ये अर्धं रुतवलेलं असतं, सरळ हातोडा घातला तर भिंतीचं फूटभर प्लास्टर सोबत येतं. स्कर्टिंगच्या वरच्या कडेने ग्राइंडरने रेघेत काप घ्या, जेमतेम प्लास्टरच्या जाडीइतका, आणि मग चपटी छन्नी मागून सारा.

फरशीची सुरुवात दारापाशी किंवा सर्वांत पोकळ वाजणाऱ्या लादीपासून करा. पहिली लादी फुटणारच. तिला मध्यभागी फोडून तुकडे उचला, म्हणजे शेजारच्या लादीची कड उघडी पडते. आता छन्नी त्या कडेखाली आडवी, जमिनीशी ३० अंशांच्या आसपास धरून मारा आणि पहारीने उचला. जिथे माल सुटलाय तिथे लादी अख्खी उचलली जाते, खाली करड्या मातीसारखा भुसभुशीत थर दिसतो आणि त्यावर लादीचा चौकोन उमटलेला असतो. अख्ख्या निघालेल्या सात-आठ लाद्या जपून ठेवा. शेजारच्या खोलीतलं मोझॅक राहणार असेल तर तिथे दुरुस्तीला तीच जाडी आणि तोच रंग बाजारात मिळत नाही.

यंत्र निवडताना मोह आवरा. पाच किलोच्या आसपासचा चिपिंग हॅमर वरच्या मजल्यावरच्या कामाला पुरतो. १६ किलोचा ब्रेकर रस्त्यासाठी आणि जमिनीवरच्या काँक्रीटसाठी आहे. ठेकेदार एका दिवसात संपवतो म्हणून तो आणतो, पण पाच इंचांच्या स्लॅबवर त्याचा उभा मारा म्हणजे सळईभोवतीचं काँक्रीट सैल करणं. छन्नी कधीही उभी नको. आवाज बदलला, पूड पांढुरकी-करडी होऊन घट्ट लागू लागली की स्लॅब आला, तिथे थांबा.

लादीनंतर खालचा सगळा माल निघाला पाहिजे. 'हा घट्ट आहे, राहू द्या' असं मिस्त्री म्हणेल. तो खरंच घट्ट असेल, टाचणी-खिळ्याने ओरखडत नसेल आणि उंचीत बसत असेल तर एखादा भाग राहू द्यायला हरकत नाही. पण जुन्या घरांत चुना-सुरखीचा किंवा कोळशाच्या राखेचा भराव निघतो, तो तर मुळीच ठेवू नका.

बाथरूमची गोष्ट वेगळी. तिथे फरशीखाली विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंग कोबा असतो. खोल्यांच्या कामात सहज म्हणून तो उकरला की खालच्यांच्या छतातून थेंब सुरू होतात. बाथरूम करायचंच असेल तर वॉटरप्रूफिंगसकट वेगळं काम म्हणून करा.

राडारोडा नाल्यात, टेकडीवर किंवा रिकाम्या प्लॉटवर टाकणाऱ्या गाडीवाल्याला काम देऊ नका. मुंबईत महापालिकेची 'डेब्रिज ऑन कॉल' सेवा आहे. इतर शहरांत वॉर्ड ऑफिसात ठरलेली जागा विचारा.

उघडा स्लॅब: हा दिवस घाईत घालवू नका

स्लॅब झाडून, ओल्या फडक्याने पुसून घ्या. बादल्यांनी धुऊ नका, स्लॅबमध्ये भेग असेल तर पाणी खाली जातं. मग विजेरी जमिनीलगत आडवी धरून अख्खी खोली बघा. आडव्या उजेडात खड्डे, उंचवटे आणि भेगा ठळक दिसतात.

केसासारख्या वेड्यावाकड्या भेगा आकुंचनाच्या असतात, त्यांची फार काळजी नको. सळईच्या रेषेत सरळ जाणारी भेग, तिच्याकडेने तांबूस डाग, हातोडीने पोकळ वाजणारं काँक्रीट किंवा उघडी गंजलेली सळई दिसली तर काम थांबवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. त्यावर माल पसरून झाकणाऱ्या मिस्त्रीला ठाम नाही म्हणा. आणि विजेची नळी लपवायला स्लॅबमध्ये चर पाडू देऊ नका. नळ्या कोब्याच्या जाडीत बसतात.

पाइप, नळ्या, नेटच्या वायरी जे काही फरशीखालून जायचं आहे ते आत्ता टाका, टाचणीसुद्धा हलणार नाही असं क्लिपने घट्ट करा आणि मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. दहा वर्षांनी कुणी तिथे ड्रिल मारेल तेव्हा तो फोटो कामी येईल.

लेव्हल काढणं

पारदर्शक नळीत पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका, किंवा भाड्याचा लेझर आणा. नव्या फरशीच्या ठरलेल्या पातळीपासून बरोबर एक मीटरवर सगळ्या भिंतींवर रेघ मारा. ही पातळी आपल्या मनाने ठरत नाही. मुख्य दाराबाहेरचा पॅसेज, बाथरूमचा उंबरा, न बदलणाऱ्या खोलीची फरशी, यांवरून ती ठरते.

आता रेघेपासून स्लॅबपर्यंतचं अंतर भिंतीलगत आणि दोरी ताणून खोलीच्या आत, दर मीटरला मोजा आणि स्लॅबवरच खडूने लिहा. समजा दारापाशी १,०८५ मिमी, मध्यभागी १,०७० आणि खिडकीच्या कोपऱ्यात १,०९५ आलं. सर्वांत कमी आकडा म्हणजे स्लॅबचा सर्वांत उंच भाग. तिथे हातात ७० मिमी आहेत. त्यातून टाइल आणि ॲडेसिव्हचे १५ वजा केले की कोबा मध्यभागी ५५ आणि खिडकीपाशी ८० मिमीचा होणार. हे आकडे हाती आल्याशिवाय वाळू-सिमेंटची ऑर्डर देऊ नका. कोबा ५० मिमीच्या वर जात असेल तर नुसत्या वाळू-सिमेंटऐवजी १० मिमी खडीचं बारीक काँक्रीट घाला, आणि जाडी फारच जास्त असेल तर हलक्या भरावाबद्दल इंजिनिअरला विचारा.

खोल्यांना ढाळ नको. गॅलरीला मात्र फुटाला किमान ३ मिमी ढाळ पाणी जाण्याच्या भोकाकडे द्या, आणि तो कोब्यातच द्या. टाइल तिरकी करून ढाळ काढता येत नाही.

कोबा घालणं

मोझॅकच्या काळात लादी ओल्या मालावरच बसवत. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीत नाही, शोषण अर्ध्या टक्क्याच्या आत असतं, त्यामुळे सिमेंटचा घोळ तिला पाठीमागून धरू शकत नाही. म्हणून आधी कोबा घालून तो सुकू द्यायचा आणि मग ॲडेसिव्हने टाइल लावायची. वेळ जास्त लागतो, पण मोठ्या टाइलसाठी मी दुसरं काही सुचवणार नाही.

स्लॅब गुळगुळीत असेल तर टाचे मारा, म्हणजे छन्नीने बारीक खाचा पाडा, हलक्या हाताने, इंच-दोन इंचांवर. धूळ काढा. आदल्या रात्री स्लॅब ओला करून ठेवा. सकाळी तो गडद ओलसर दिसला पाहिजे, पण पाणी साचलेलं नको. त्यावर सिमेंट आणि एसबीआर लेटेक्सचा (पकड वाढवणाऱ्या रबरी द्रावणाचा) घोळ कुंच्याने घासून लावा. एका वेळी तेवढाच भाग घ्या जेवढ्यावर लगेच माल पडणार आहे. घोळ वाळून पांढरा पडला तर तो चिकटवण्याऐवजी सुटवण्याचं काम करतो.

माल एकास चार, म्हणजे एक भाग सिमेंटला चार भाग वाळू. १०० चौरस फुटांवर दीड इंच जाडीसाठी साधारण पावणेतीन पोती सिमेंट आणि १३-१४ घनफूट वाळू लागते. वाळू मुठीत चोळा, हाताला चिखल राहिला तर धुतल्याशिवाय वापरू नका. पाणी इतकंच घाला की मुठीत दाबल्यावर मालाचा गोळा टिकेल आणि बोटांतून पाणी गळणार नाही. पातळ माल पसरवायला सोपा म्हणून मिस्त्रीला आवडतो, तोच सुकताना आकसतो आणि तडकतो.

मोजलेल्या उंचीला मालाचे छोटे ठोकळे करा, त्यांच्यामधून पट्ट्या ओढा आणि मग पट्ट्यांमधली जागा भरून, चांगली ठोकून, ॲल्युमिनियमच्या पट्टीने कापा. ठोकणं महत्त्वाचं आहे. न दाबलेला कोबा वरून चांगला दिसतो आणि पायाखाली भुगा होतो. वर लाकडी रंध्याने फिनिश करा. लोखंडी थापीची चकाकी ॲडेसिव्हला नको असते. भिंतीलगत थर्मोकोलची ५-६ मिमीची पट्टी उभी ठेवा. फरशी उन्हाळ्यात फुगते तेव्हा तिला हलायला जागा लागते. ती जागा नसते म्हणून भर मे महिन्यात हॉलच्या मधोमध टाइल्स तंबूसारख्या उभ्या राहतात.

दुसऱ्या दिवसापासून सात दिवस कोबा ओला ठेवा. पाणी साठवून नाही, ओल्या गोणपाटावर प्लास्टिक टाकून, म्हणजे खालच्या घरात ओल जात नाही. त्यानंतर किमान दोन आठवडे सुकू द्या, जमलं तर कोबा घातल्यापासून २८ दिवस.

टाइल लावण्याआधीची तपासणी

दोन मीटरची सरळ पट्टी खोलीत सगळ्या दिशांनी फिरवा. खाली ३ मिमीपेक्षा जास्त फट कुठे दिसली तर तो खड्डा आत्ताच लेव्हलिंग कंपाउंडने भरा, उंचवटा घासा. पुन्हा दांड्याने वाजवा. कोबा पोकळ वाजला तर तेवढा भाग चौकोनी कापून नवा घाला. खिळ्याने ओरखडा काढा. पूड निघत राहिली तर वरचा थर कच्चा आहे, त्याला प्रायमर किंवा पुन्हा काम लागेल. टाइल लावताना ॲडेसिव्ह खाचांच्या थापीने पूर्ण पसरलं पाहिजे. चार कोपऱ्यांत आणि मध्ये गोळे टाकून टाइल ठेवणाऱ्याचा हात तिथेच थांबवा.

लाकडी किंवा व्हिनाइल फरशी घालायची असेल तर ओलाव्याची चाचणी हवीच. १८ इंच बाय १८ इंचांचं पारदर्शक प्लास्टिक कोब्यावर चारी बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवा आणि निदान १६ तास ठेवा. खालून दव धरलं किंवा कोब्याचा रंग गडद झाला तर अजून थांबा.

तळमजला किंवा गावचं घर असेल तर

इथे स्लॅब नसतो, फरशीखाली मुरूम किंवा मातीचा भराव असतो. शहाबादी फरशी उचलली की खाली घुशींची बिळं, पोकळ जागा आणि वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसतात. बिळं खणून मुरमाने भरा, पाणी मारून धुम्मसाने एकेक थर ठोका. वाळवीचं औषध याच वेळी भिंतीलगत जमिनीत घालून घ्या, परवानाधारक माणसाकडून. कोकणात आणि गोव्यात जमिनीतली ओल वर चढते, म्हणून भरावावर २५० मायक्रॉनचं प्लास्टिक जोडांवर फूटभर चढवून, भिंतींवर थोडं दुमडून अंथरा आणि त्यावर चार इंचांचं काँक्रीट घाला. पुढची लेव्हल, कोबा, सात दिवसांचं पाणी वरच्या मजल्यासारखंच. निघालेल्या शहाबादी फरश्या मात्र फेकू नका. अंगणात, तुळशीभोवती, विहिरीपाशी किंवा धुण्याच्या जागी त्या आणखी एक पिढी जातील.